कांपालची बाग

पणजी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "थंय येवन करूचा काय? चार भिंती बघूचे?" म्हणून हे सविस्तर.

माझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखी कांपालची बाग आहे, मांडवीच्या काठाला. हा सगळा भाग पूर्वी पाणथळ. १८३५पर्यंत इथे पोर्तुगीज व्हाइसरॉय असलेल्या दों मानुएलने भराव घालून पणजी वाढवायला घेतली, आणि १८४३मध्ये ती राजधानी झाली. बागेला नाव मात्र आपल्या माणसाचं आहे, फ्रान्सिस्को लुईस गोमिशचं. त्याचा पुतळाही आहे. नावेलीचा हा मुलगा पणजीत डॉक्टरकी शिकला, १८६०मध्ये पोर्तुगालच्या संसदेवर निवडून गेला आणि पुढच्याच वर्षी लामार्तिन या फ्रेंच कवीला पत्र लिहून त्याने भारतासाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला. १८६१मध्ये, बाबा! टिळक तेव्हा पाच वर्षांचे होते. गोव्याकडे येताना चाळिशीतच तो जहाजावर वारला. पुतळ्यापाशी फोटो काढणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसतं, ते सोडा.

आई, तुला झाडं आवडतील. रेनट्रीचे जुने वृक्ष आहेत, मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. एकेकाची सावली आपल्या खळ्याहून मोठी. संध्याकाळी पाच-साडेपाचला खालून बघत राहिलं की पानं जोडीजोडीने मिटताना दिसतात, अगदी लाजाळूसारखी, फक्त सावकाश. ढग दाटून आले की दुपारीही मिटतात.

रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला मुलांची बाग आहे. तिथून समोर रेइश मागुशचा किल्ला दिसतो. मध्ये कॅसिनोच्या बोटी झगमगत असतात. मला त्या नदीत नकोच वाटतात, पण माझं कोण ऐकतंय! रस्ता ओलांडताना गाड्या थांबत नाहीत, तेव्हा आईचा हात मी धरीन.

आणि बाबा, बागेला लागूनच कला अकादमी. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी बांधलेली, आत मारियो मिरांडांची चित्रं, आणि मोठ्या नाट्यगृहाला नाव दीनानाथ मंगेशकरांचं. मराठी नाट्यस्पर्धा अकादमीच भरवते. तारखा लागल्या की कळवतो, त्या बेताने आठ दिवस काढून या. बसस्टँडवर मी येतो. गुडघ्याचं तेल आणि कोकमाच्या आगळाची बाटली तेवढी विसरू नका.

तुमचा,
बाळू