आधी बँक गॅरंटी, मग जर्सी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, लांबणीवर पडली, तेव्हापासून भारतीय फुटबॉलचे पुढे काय, ही चर्चा नागपुरातही चालू आहे. त्यात दोन मते हमखास ऐकू येतात. एक, अमेरिकेसारखी बंद फ्रँचायझी पद्धत आणा, म्हणजे गुंतवणूकदाराला खालच्या श्रेणीत घसरायची धास्ती राहणार नाही. दुसरे, विदर्भाचा स्वतःचा व्यावसायिक संघ हवा; नागपूरजवळच्या कामठीत खेळाडूंना काय तोटा आहे? खेळाडूंना तोटा नाही, हे खरेच. पण ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिथे मेजर लीग सॉकरच्या, म्हणजे एमएलएसच्या खालच्या मजल्यांवर काय चालते, ते आधी बघायला हवे.

तिथला गोंधळ मैदानाबाहेर सुरू झाला. युनायटेड सॉकर लीग, म्हणजे यूएसएल, ही खासगी मालकीची लीग. नाइकीने अंब्रो ही क्रीडासाहित्याची कंपनी विकत घेतली, तिच्यासोबत तिच्या मालकीची ही लीगही नाइकीकडे आली आणि २००९ मध्ये नाइकीने ती न्यूरॉक नावाच्या कंपनीला विकली. क्लबमालकांच्या एका गटाला हा सौदा पटला नाही. ते बाहेर पडले आणि १९८४ मध्ये संपलेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे (एनएएसएल), म्हणजे पेले ज्या लीगमध्ये खेळला तिचे, नाव घेऊन नवी लीग उभी केली. दोघांनाही दुसऱ्या श्रेणीचा दर्जा हवा होता. अमेरिकी फुटबॉल फेडरेशनने तो कुणालाच दिला नाही आणि २०१० चा हंगाम बारा संघांना घेऊन स्वतःच चालवला. २०११ मध्ये एनएएसएल दुसऱ्या श्रेणीत गेली, यूएसएल तिसऱ्या. त्याच वर्षी यूएसएलने पोर्तो रिकोचे तीन संघ हंगाम सुरू झाल्यावर काही आठवड्यांत वगळले. गुणतक्ता अर्ध्यात फाटला.

तिथे श्रेणी खेळावर ठरत नाही, कागदपत्रांवर ठरते. फेडरेशनच्या २०१४ च्या निकषांनुसार दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये पहिल्या वर्षी किमान ८, तिसऱ्या वर्षी १० आणि सहाव्या वर्षी १२ संघ हवेत. स्टेडियम किमान ५,००० आसनांचे. मुख्य मालकाकडे क्लबचा निदान ३५ टक्के हिस्सा आणि त्याची स्वतःची मालमत्ता २ कोटी डॉलर. तिसऱ्या श्रेणीत हेच आकडे १,००० आसने आणि १ कोटी डॉलर. शिवाय प्रत्येक संघाने हमी रक्कम ठेवायची: दुसऱ्या श्रेणीत साडेसात लाख डॉलर, तिसऱ्यात अडीच लाख. मालक मध्येच पळाला तर उरलेल्या हंगामाचे पगार आणि प्रवास यातून भागावेत, हा हेतू. एवढ्या नियमावलीत आम्हाला खरोखर उपयोगाची वाटते ती ही एकच अट. मालकाची श्रीमंती कागदावर कितीही असो, पाचव्या महिन्यात त्याचा उत्साह ओसरला की ती श्रीमंती क्लबच्या खात्यात उतरत नाही.

उलट एक अट नुसती खर्चाची आहे. सहाव्या वर्षापर्यंत दुसऱ्या श्रेणीचे संघ तीन टाइम झोनमध्ये पसरलेले हवेत. म्हणजे ज्या संघाला शेजारच्या राज्यात बसने जाऊन खेळता आले असते, त्याला वर्षात अनेकदा विमानात बसवायचे आणि मग तोटा का झाला म्हणून विचारायचे!

एनएएसएल या चक्कीत भरडली गेली. २०१६ च्या उत्तरार्धात तिच्याकडे बारा संघ होते. त्या वर्षअखेर मिनेसोटा एमएलएसमध्ये गेला, टॅम्पा बे आणि ओटावा यूएसएलमध्ये गेले, ओक्लाहोमा सिटी आणि फोर्ट लॉडरडेल मिटले. नवा आला एकटा सॅन फ्रान्सिस्को. उरले आठ. सप्टेंबर २०१७ मध्ये फेडरेशनने पुढच्या हंगामासाठी दर्जा नाकारला, लीग कोर्टात गेली आणि तो हंगाम शेवटचा ठरला. दाव्याचा निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला, तोही लीगच्या विरोधात. सॅन फ्रान्सिस्को डेल्टाज या संघाने नोव्हेंबर २०१७ मध्ये विजेतेपद मिळवले आणि लगेच क्लब बंद केला. पहिलाच हंगाम, तोच शेवटचा.

यातला ओक्लाहोमा सिटीचा किस्सा इथल्या प्रत्येक क्रीडा संघटकाने लक्षात ठेवावा. रायो ओकेसी हा स्पेनच्या रायो वायेकानोचा तिथला संघ. २०१६ च्या हंगामात मालकांत बिनसले आणि एका छोट्या भागीदाराने स्टेडियममधल्या कृत्रिम टर्फचा काही भाग उचलून नेला. आपली मालमत्ता सुरक्षित ठेवतो आहोत, हे त्याचे कारण! टर्फ कुणाच्या नावावर, दिवे कुणाचे, गोलपोस्ट कुणाचे, हे करारात वेगवेगळे लिहिलेले नसले की भांडणाच्या दिवशी मैदान असे गुंडाळून जाते.

मैदान हाच खरा कळीचा मुद्दा आहे. खालच्या श्रेणीतले अनेक क्लब भाडेकरू असतात: शाळेचे मैदान, विद्यापीठाचे मैदान, बेसबॉलचे पार्क. भाडेकरूला तारखा उरल्यासुरल्या मिळतात. पार्किंग, खाद्यपेये आणि फलकांचे उत्पन्न बहुतेक मैदानाच्या मालकाकडे जाते. क्लबच्या हाती राहते तिकीट. बेसबॉलच्या पार्कात इनफिल्डच्या, म्हणजे आतल्या चौकोनाच्या, मातीवर हिरवळीच्या पट्ट्या अंथरायच्या आणि बेसबॉलच्या सामन्याआधी त्या परत उचलायच्या. पट्ट्यांचा सांधा सैल राहिला की खेळाडूचा घोटा गेला. ऑस्टिन अॅझटेक्सचे मैदान शाळा मंडळाचे होते. मे २०१५ च्या पुरात ते खराब झाले, हंगामानंतर क्लब ‘विश्रांती’वर गेला तो परतलाच नाही.

मैदान, प्रेक्षक, निकाल सगळे ठीक असूनही क्लब जातो, याचे उदाहरण सॅन दिएगो लॉयल. २०२० मध्ये यूएसएलमध्ये उतरलेला हा संघ विद्यापीठाच्या सुमारे ६,००० आसनांच्या स्टेडियमवर खेळत होता. मे २०२३ मध्ये एमएलएसने त्याच शहरात दुसऱ्या मालकाला संघ दिला. लॉयलने त्या हंगामानंतर दुकान बंद केले. बंद पद्धतीत शहराचा हक्क विकला जातो आणि वरच्या लीगने तो विकला की खालच्याला दाद मागायला जागा नसते. गुंतवणूकदार सुरक्षित राहतो म्हणणाऱ्यांनी सांगावे, कोणता गुंतवणूकदार? खालच्या श्रेणीतल्या रोचेस्टर ऱ्हायनोजने १९९९ मध्ये चार एमएलएस संघांना हरवून यूएस ओपन कप ही सर्व श्रेणींना खुली स्पर्धा जिंकली होती. १९९६ मध्ये एमएलएस सुरू झाल्यानंतर एमएलएसबाहेरच्या दुसऱ्या कुणाला हा कप जिंकणे जमलेले नाही. तरी तो वर गेला नाही. वर जायला शिडीच नव्हती. मार्च २०२५ मध्ये यूएसएलच्या मालकांनी बढती-घसरण स्वीकारायचे ठरवले आहे. मात्र ती यूएसएलच्या स्वतःच्या श्रेणींपुरती आहे, एमएलएसचे दार त्यातून उघडत नाही.

आपल्याकडे हे घडत नाही असे कुणी समजू नये. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये गेला. पुण्यात तर पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी असे तीन संघ आले आणि तिन्ही मिटले. भारत एफसी आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये एकच हंगाम टिकला.

आता नागपूरचा हिशेब मांडू. बारा संघांची लीग, दुहेरी साखळी, म्हणजे बाहेरगावी ११ सामने. २० खेळाडू आणि ६ जणांचा स्टाफ धरला तर २८६ परतीची तिकिटे. एका तिकिटाचे सरासरी १५,००० रुपये धरले, तर जवळपास ४३ लाख. प्रत्येक दौऱ्यात १३ खोल्या, दोन रात्री, ३,००० रुपये दर; आणखी साडेआठ लाख. जेवण, किट्सचे जादा सामान, दोन दिवसांचा खोळंबा यात नाही. आयजोल, श्रीनगर, कोझिकोड या आय-लीगच्या गावांना इथून एका विमानात पोचता येत नाही, मधे थांबावेच लागते. एखादे विमान चुकले की सव्वीस जणांची नवी तिकिटे ऐनवेळच्या दराने. आणि हंगाम पडतो हिवाळ्यात, म्हणजे नेमका डिसेंबरमधल्या अधिवेशनाच्या काळात, जेव्हा यशवंत स्टेडियमचा परिसर मोर्चे आणि धरण्यांचा असतो. घरच्या सामन्याची तारीख तेव्हा कोण देणार?

म्हणून कुणी विदर्भाच्या संघाची घोषणा केली, तर पत्रकार परिषदेत चार कागद मागावेत. एक, संपूर्ण हंगामाचे पगार आणि प्रवास भागतील एवढ्या रकमेची बँक गॅरंटी, तीही मालकाच्या नव्हे तर संघटनेच्या ताब्यात. दोन, मैदानाचा निदान पाच वर्षांचा करार, त्यात राखीव तारखा आणि फलक-पार्किंगच्या उत्पन्नाची वाटणी. तीन, क्लबचे नाव, बोधचिन्ह आणि लीगमधली जागा कुणाच्या मालकीची. मालक गेला तर ती इथे राहते की दुसऱ्या शहराला विकली जाते. ऑस्टिनचा पहिला अॅझटेक्स (वरच्या त्याच नावाच्या संघाच्या आधीचा) असाच उचलून ऑर्लँडोला नेला होता. चार, अकादमीच्या मुलांची नोंदणी क्लबकडे की जिल्हा संघटनेकडे, म्हणजे संघ मिटला तरी त्यांचे वर्ष वाया जाऊ नये. चौथा कागद मागायचे बहुतेक जण विसरतात. पुढच्या वर्षी तीच मुले इथल्या स्थानिक लीगच्या एलिट डिव्हिजनमध्ये खेळायला येतात, तेव्हा ना-हरकत पत्र द्यायला जुन्या क्लबच्या कार्यालयात कुणी नसते.

आपले,
काही फुटबॉलप्रेमी वाचक,
सदर, नागपूर