आबांचा उपास आणि सकाळची गोळी

लेस्टर, गुरुवार

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार,

शुगरच्या मशीनचा फोटो पाहिला. एकादशीच्या दुपारी ६२, आणि खाली दादाचा मेसेज, 'बघ, आबाची शुगर कंट्रोलमधी आली.' दादाला म्हणावं, याला कंट्रोल म्हणत नाहीत. ७० च्या खाली गेली की ती कमीच. २२० आली असती तर मी एवढ्या घाईनं लिहायला बसले नसते. मी ज्या औषधांच्या दुकानात काम करते तिथं येणाऱ्या गुजराती आजींना 'चारच्या खाली गेलं की आधी गोड' हे तोंडपाठ आहे. इथलं माप निराळं, १८ नं गुणलं की आपला आकडा येतो.

आबांच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटी असती तर शुगर सहसा एवढी उतरत नाही. दुसरी ग्लिमेपिराइड आहे, तिचा हा घोळ. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात भाकरी गेली की नाही हे ती बघत नाही. आबांनी सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर नुसत्या चहावर काढला, मग दुसरं काय होणार? गोळी आपल्या मनानं बंद मात्र करू नका. उपासाच्या दिवशी किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या. आबा माझं ऐकणार नाहीत, पांडुरंगाचं ऐकतील आणि डॉक्टरांचं थोडंफार.

पुन्हा असं झालं तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. साखरपाण्यानं उपास मोडत नाही, त्यामुळं त्यांना कुरकुर करायला जागा नाही. पेढा किंवा शेंगदाण्याचा लाडू नको, त्यातल्या तुपा-तेलानं साखर रक्तात उशिरा जाते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आली की भाकरी, आणि उपासच असेल तर भगर, पण पोटभर.

हात धुतल्याशिवाय बोट टोचू नका. बोटाला गूळ किंवा आंबा लागलेला असला तर आकडा खोटाच वर दिसतो आणि उतरलेली शुगर झाकली जाते. मशीनच्या पट्ट्यांची डबी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात त्या खराब होतात. आणि घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी असं काही दिसलं आणि मशीन हाताशी नसेल, तर आधी साखर द्या, मशीन नंतर शोधा. त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव मला कळवा. त्यातल्या काही गोळ्यांनी धडधड आणि थरथर कळत नाही, पण घाम येतोच. आबा उगाच चिडायला लागले, तर तो स्वभाव आहे की शुगर हे ओळखणं अवघड, म्हणून तपासलेलं बरं. झोपेत शुगर उतरली तर कळत नाही, म्हणून रात्री बनियन घामानं भिजतं का, सकाळी डोकं दुखतं का, हेही विचारा.

५४ च्या खाली गेली, किंवा दोन-तीनदा साखर देऊनही चढेना, तर साखर द्याच, पण वाट बघू नका, दवाखाना गाठा. बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपली, तर तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालू नका, श्वासनळीत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावल्यावर आबा उठून बसतील आणि 'चला घरी' म्हणतील, तेव्हा दादानं लगेच गाडी काढायची नाही. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ राहतो, शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. डॉक्टर ठेवून घेतो म्हणाले तर ठेवू द्या. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

या ६२ साठीसुद्धा याच आठवड्यात परभणीला जाऊन या. किडनी नीट काम करत नसेल तरी अशी शुगर उतरते, तेव्हा क्रिएटिनिन तपासायला सांगा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते. दादाला घरात थांबायला सांगा, सोयाबीनची फवारणी सोमवारी करता येईल.

मायला नमस्कार, पोरांना पापा.

तुमची,
ताई