आण्णांना पत्र : पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्या

लेस्टर, इंग्लंड

ती. आण्णा आणि माय यांना सा. नमस्कार.

मी मजेत आहे. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ नाही, पण नुसत्या ज्वारीचं मिळतं, म्हणून भाकरी सुटलेली नाही. आवाज खोल गेल्यासारखा वाटला तो फोनमुळे. माय, उगीच मनाला लावून घेऊ नकोस.

आण्णा, शाळेच्या ग्रंथालयासाठी जादू-साहसाच्या कादंबऱ्या घेताय, तर आधी भाग मोजा. या बहुधा मालिकेत येतात. पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्या, बाकीच्यांची एकेक पुरे. पहिला हरवला की पुढचे सगळे कपाटात धूळ खातात. पाठीवर भागाचा आकडा ठळक लिहा, कारण मुखपृष्ठावर तो कित्येकदा नसतोच.

नकाशा सांभाळा. उघडताच आतल्या पानावर कित्येकदा गोष्टीतल्या राज्याचा नकाशा असतो आणि तारखांची पट्टी, शाळेचा शिक्का नेमके तिथेच बसतात. मूल वाचता वाचता मागे येऊन बघतं, किल्ला नदीच्या अलीकडे की पलीकडे. तो झाकू नका. पट्टी शेवटच्या कोऱ्या पानावर लावा.

जाड पेपरबॅक बहुधा शिवलेल्या नसतात, गोंदावर चिकटवलेल्या असतात. नवी प्रत एकदम मधोमध उघडली की पाठ मोडते. थोडी पानं पुढून, थोडी मागून हलकेच दाबत मध्यावर या. आपल्याकडच्या उन्हात गोंद कडक होऊन पानं सुटतात, म्हणून कपाट पश्चिमेच्या खिडकीशी नको. सुटलेल्या पानाला सेलोटेप तर मुळीच नाही, ती पिवळी पडते आणि कागद खराब करते. कडेला फेव्हिकॉलची बारीक रेघ ओढा आणि रात्रभर वजन ठेवा.

पुस्तक झेपेल का, हे मुलालाच बघू द्या. कुठलंही एक पान वाचायचं, अडेल त्या शब्दाला एक बोट मोडायचं. पाच झाली तर पुस्तक अवघड. तरी हट्ट धरला तर द्या, गोष्टीच्या ओढीने मुलं बरंच पेलतात.

इथला एक प्रकार तुम्हाला नवल वाटेल. मार्चच्या पहिल्या गुरुवारी पुस्तक दिन असतो. मुलं गोष्टीतलं पात्र होऊन शाळेत येतात. गॅदरिंग नाही, नाटक नाही, त्याच वेशात गणिताचा तास, त्याच वेशात डबा. कुणी चेटकीण, कुणी ड्रॅगन. शिक्षकही तसेच, आणि कुणी हसत नाही. मुलांना एका पौंडाचं कूपन मिळतं, दुकानात दिलं की त्या दिवसासाठी छापलेलं छोटं पुस्तक फुकट.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, यंदाही माहेरी येणं होणार नाही. शाळा चालू असते, रजा मागूनही मिळत नाही. माय, झोका बांधशीलच, शेजारच्या पोरींना बसव. भाऊच्या लग्नाची तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यात धरता आली तर बघा, तेव्हा इथे आठवडाभर सुट्टी असते. माझ्या स्थळाचा विषय तोवर नको, मी नाही म्हणत नाहीये. खात्यात चाळीस हजार टाकलेत. पुस्तकांना पाच हजार, बाकी मंडपाच्या विसाराला. कमी पडले तर संकोच न करता कळवा.

तुमची लेक