एका मशीनमध्ये दोन सिस्टिम नांदवून देणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बिलावर 'एसएसडी बसवणे, लिनक्स टाकणे' एवढंच लिहिलेलं आहे (एसएसडी म्हणजे फायली साठवायची डिस्क, लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच मशीन चालवणारी दुसरी सिस्टिम). तुम्ही त्याहून पुष्कळ केलंत. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण मराठी अक्षरजुळणी करणारे माझ्यासारखे लोक गावोगावी याच अडचणीत आहेत.

आमची अडचण अशी. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची एकच पद्धत, रुळण्याआधी मराठी पुस्तकं ज्या फॉन्टांत जुळवली गेली, त्यांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माझं ते सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे मशीनला लावायची परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही आणि डोंगल विंडोज १०वरच चालतो. त्या विंडोजचा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. माझ्या मशीनमध्ये विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, म्हणून विंडोज ११चा रस्ताही बंद. दिवाळी अंक छापून झाले होते, पण वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढायची म्हणून लेखक जुनी फाइल मागतात, त्यांना काय सांगायचं?

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी नवं मशीन घ्या, जुनं सोडा, एवढंच सांगितलं. तुम्ही आधी विचारलंत, "जुन्या फायली रोज लागतात की कधीतरी?" त्या एका प्रश्नावर पुढचं सगळं ठरलं. विंडोजच्या आत लिनक्स किंवा लिनक्सच्या आत विंडोज चालवून बघायचा मार्गही तुम्ही तपासलात. आतल्या विंडोजला डोंगल ओळखता येईना, तेव्हा तो सोडलात. मग दोन डिस्क, दोन सिस्टिम: जुन्या एसएसडीवर विंडोज आहे तसं, नव्या एसएसडीवर लिनक्सचा 'मिंट' हा प्रकार.

आता मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट. लिनक्स टाकण्याआधी तुम्ही मशीन बंद करून विंडोजच्या एसएसडीची केबल काढून बाजूला ठेवलीत. मी कारण विचारलं, तर हातातलं काम थांबवून समजावून सांगितलंत. मशीन सुरू होताना ज्या फायली आधी वाचल्या जातात, त्यांच्यासाठी डिस्कवर एक छोटा वेगळा भाग असतो. काही इन्स्टॉलर (सिस्टिम बसवून देणारे प्रोग्राम) सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर टाकतात, पण सुरुवातीच्या फायली मात्र पहिल्या डिस्कवरच्या त्या भागात नेऊन ठेवतात. विंडोजचा इन्स्टॉलरही असं करू शकतो. वरून सगळं ठीक चालतं. पुढे कधी पहिली डिस्क बिघडली किंवा फॉरमॅट केली, की दुसरी धडधाकट असूनही सुरू होत नाही. पहिली डिस्क जोडलेलीच नसेल तर इन्स्टॉलरला तिला हात लावताच येत नाही. वाड्यात दोन बिऱ्हाडं राहिली तरी दारं वेगळी असावीत, तसं तुम्ही करून दिलंत. मशीन सुरू होताना एफ १२ दाबायचं आणि हवं ते दार निवडायचं. काही मदरबोर्डांवर (मशीनमधल्या मुख्य सर्किटवर) ती कळ एफ ८ किंवा एफ ११ असते, हेही तुम्ही सांगितलंत, ते इथे इतरांसाठी लिहून ठेवतो.

केबल परत जोडल्यावर तुमचं काम संपलं असं कुणीही म्हणालं असतं. तुम्ही विंडोजमध्ये जाऊन पॉवर ऑप्शन्समधली फास्ट स्टार्टअपची खूण काढलीत. ती असली की 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. अर्धवट झोपल्यासारखं राहतं, आणि अशा वेळी लिनक्सने त्याच्या डिस्कवर लिहिलं तर फायली खराब होऊ शकतात. तेवढ्यावर न थांबता लिनक्समध्ये ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडेल अशी सोय केलीत. आता विंडोजमध्ये काढलेली पीडीएफ मी लिनक्समधून थेट उचलतो आणि प्रकाशकाला मेल करतो. मूळ फाइलला धक्का लागायची भीती राहिली नाही.

घड्याळाचंही तसंच. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक मानतं आणि लिनक्स जागतिक, म्हणून दोन्हींत साडेपाच तासांचा फरक पडतो. प्रुफांच्या कामात शेवटची फाइल कुठली हे वेळेवरूनच कळतं, त्यामुळे हा फरक आमच्यासाठी लहान नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची पद्धत नसल्यामुळे लिनक्सलाच स्थानिक वेळ मानायला सांगितलं तरी चालतं, असं म्हणून तुम्ही तसं केलंत.

आणि दोन डिस्क असल्या म्हणजे सगळ्यातून सुटका झाली, असं तुम्ही मला मुळीच सांगितलं नाहीत. याचा मला फार आदर वाटतो. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू फायलींनाच चालू देणारी सोय) चालू असलेल्या काही मशीनांवर लिनक्स सुरू होईना. असुरक्षित ठरवलेल्या जुन्या बूट फायली अडवण्याची ती नोंद डिस्कवर नव्हे, मदरबोर्डच्या मेमरीत झाली होती. तिथे वेगळी डिस्क काय करणार! म्हणून ताज्या लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह कपाटात ठेवायला लावलात, आणि दोन्ही डिस्कांची प्रत तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर घ्यायला बजावलंत.

विंडोजचं इंटरनेट आता कायमचं बंद आहे. तिथे फक्त जुनी पुस्तकं उघडतात. नवं काम मी लिनक्सवर युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर करतो. जमेल तसा जुना मजकूरही एकेक पुस्तक करून युनिकोडमध्ये आणतो आहे. 'ऱ्य' आणि रफार पुन्हा पुन्हा तपासावे लागतात, काम सावकाश चालतं, पण ते करता यावं एवढा वेळ तुमच्यामुळे मिळाला आहे. मनापासून आभार.

मिरजेचे एक अक्षरजुळणीकार येत्या आठवड्यात तुमच्याकडे येतील. त्यांच्याकडेही डोंगल आहे आणि फायली माझ्याहून जुन्या आहेत. मशीन आणण्याआधी सगळ्याची प्रत घ्या, असं मी त्यांना सांगितलं आहे.

आपला,
एक अक्षरजुळणीकार, सांगली