डेंग्यूचा डास दिवसा चावतो

संपादक महोदय,

डेंग्यूच्या बातम्या आल्या की सगळे रात्री कॉइल लावून मोकळे होतात, पण डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास चावतो दिवसा, जास्त करून सकाळी आणि अंधार पडायच्या आधी, आणि तेव्हाच आपण उघड्या पायांनी बिनधास्त फिरत असतो. अंगाला लावायचं रिपेलंट घेताना नुसत्या वासावर जाऊ नका, लेबलवर डीट किंवा पिकारिडिन ही डास दूर ठेवणारी रसायनं किती टक्के ते बघा. टक्के जास्त म्हणजे डास जास्त पळतात असं नाही हो, परिणाम जास्त तास टिकतो एवढंच. घोट्याला लावायचं हमखास राहतं! सनस्क्रीन आधी, रिपेलंट नंतर. लहान मुलांच्या हातांना नको, बोटं तोंडात जातात. परमेथ्रिन हे कीटकनाशक मात्र कपड्यांवरच मारायचं, अंगाला नाही.

– एक वाचक