जखम भरली, प्रेस तीच

भोसरीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली (धातूचा पत्रा दाबून कापणारं यंत्र) माझ्या धाकट्या भावाची दोन बोटं गेली. जखम भरली आणि कामावर परतला त्याच दिवशी त्याला पुन्हा त्याच प्रेसवर उभं केलं! हात आत गेला की यंत्र थांबवणारा सेन्सर अजून बंदच. साधा नट हातात धरवत नव्हता, अंगाला दरदरून घाम. राज्य कामगार विमा योजनेत डॉक्टर कामासाठी तंदुरुस्त ठरवेपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नोकरी जाईल या धास्तीनं तो लवकर रुजू झाला. अपघात झालेलं यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय सुरू होऊ देऊ नये आणि परतलेल्या कामगाराला मालकांनी आधी हलकं काम द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, भोसरी, पुणे