डिस्ट्रिब्युटर बदलण्याआधी आणि बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात जुनी पेट्रोल गाडी ठोकायला लागली, म्हणजे इंजिन खणखणू लागले, की हल्ली पहिला दोष ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला दिला जातो आणि दुसरा डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या भागाला. पेट्रोल आपल्या हातात नसते, म्हणून डिस्ट्रिब्युटर बदलला जातो. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, तिचीच बहीण असलेली स्टँडर्ड हेरल्ड अशा जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्या आपल्या भागात मोजक्याच, आणि त्या घरच्या घरी सांभाळणारेही मोजकेच. त्यांच्यासाठी काही गोष्टी नेमक्या सांगाव्यात म्हणून हे पत्र. आकडे मुख्यतः लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटर असलेल्या १९६२ ते १९७१ च्या एमजीबीचे आहेत. पद्धत मात्र पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या, उघडझाप होणाऱ्या संपर्कांवर) चालणाऱ्या कुठल्याही चार सिलिंडर गाडीला लागू पडते.

आधी पेट्रोलचे. इथेनॉलमुळे पेट्रोलची नॉकिंग सोसण्याची ताकद वाढते. ई-२० चे खरे त्रास म्हणजे जुने रबरी पाइप आणि सील खराब होणे आणि मिश्रण पातळ होणे. चढावर गाडी खणखणत असेल तर आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बघा.

डिस्ट्रिब्युटर खरोखर गेला आहे का, हे अर्ध्या तासात कळते. कॅप काढा आणि आतून उजेडात फिरवून बघा. केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतो आहे. पावसाळ्यात सकाळी गाडी न उचलण्याचे हे नेहमीचे कारण, आणि त्याला नुसती नवी कॅप पुरते. मग रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. खेळ हाताला जाणवला तर बुश झिजले आहे. हाताचा भरवसा नसेल तर चारही कॅमवर (शाफ्टवरच्या उंचवट्यांवर) पॉइंटचा गॅप मोजा. चार मापांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला, की प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वेगळ्या वेळी मिळते आहे असे समजा. कितीही सेटिंग केले तरी ते टिकणार नाही. व्हॅक्यूमचा पाइप (इंजिनाच्या ओढीने टायमिंग बदलणाऱ्या डबीचा) कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद ठेवा. आतली प्लेट फिरून तिथेच थांबली पाहिजे. लगेच परत आली तर डायफ्राम फाटला आहे.

एक जागा बहुतेक जण बघतच नाहीत. पॉइंटची प्लेट आणि बॉडी यांना जोडणारी कापडी वेष्टनाची छोटी अर्थ वायर. प्लेट वर्षानुवर्षे मागेपुढे होऊन ती आतून तुटते, वरून मात्र साबूत दिसते. गाडी स्लोवर छान चालते आणि अॅक्सिलरेटर दाबला की मिसिंग मारते, ते बऱ्याचदा हिच्यामुळे. हातभर मऊ वायर आणि सोल्डर एवढ्यात काम होते. कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारी छोटी डबी) बिघडला असेल तर पॉइंट निळसर-काळे जळतात आणि ठिणगी पिवळी, मरतुकडी येते. तोही स्वतंत्र मिळतो. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड असते. हे सगळे तपासून झाल्यावर शाफ्ट ढिला निघाला, तरच डिस्ट्रिब्युटर बदलायला काढा.

नवा घेताना रंगरूप बघून घेऊ नका. जुन्याच्या बॉडीवर पाच आकडी नंबर ठोकलेला असतो, जसा एमजीबीच्या एका जुन्या प्रकारावर ४०८९७. तो नंबर सांगतो की आतली वजने आणि स्प्रिंगा किती आरपीएमला किती अॅडव्हान्स देणार, म्हणजे ठिणगी किती आधी पाडणार. सगळ्या गाड्यांना चालतो म्हणून विकला जाणारा माल बसतो, स्टार्टही होतो, पण त्याची अॅडव्हान्सची चाल दुसऱ्याच इंजिनाची असते. स्लोवर टायमिंग बरोबर लावले तरी तीन हजार आरपीएमला ते चुकते. आमच्या मते घाटात ठोकणाऱ्या कित्येक गाड्यांचे मूळ या खरेदीतच असते. स्पिटफायरवाल्यांनी आणखी एक बघावे: जुन्या मॉडेलांत आरपीएम मीटरची केबल डिस्ट्रिब्युटरमधूनच निघते. तो दात्याचा भाग नसलेला डिस्ट्रिब्युटर घेतलात तर मीटर कायमचा शून्यावर.

आता काम. लागणारे सामान थोडे आहे: इंची पाने, फिलर गेज, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पांढरा रंग, आणि जमले तर टायमिंग लाइट. बॅटरीची अर्थची वायर काढा. चारही प्लग काढा आणि वायरींना १ ते ४ अशा चिठ्ठ्या लावा. एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दुसऱ्याला गाडी चौथ्या गिअरमध्ये हळू पुढे ढकलायला सांगा. हवेने अंगठा उडवला, की तो कॉम्प्रेशनचा फेरा. अंगठ्याची ही खात्री टाळू नका. पुलीची खूण दर फेऱ्याला येते, ठिणगी मात्र एक फेरा सोडून लागते. मग पुलीवरची खाच टायमिंग कव्हरवरच्या टोकांशी जुळवा. हाय कॉम्प्रेशन (८.८:१) इंजिनाला टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या) १० अंश आधी, लो कॉम्प्रेशनला ८ अंश. जुन्या गाड्यांत ही टोके पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, म्हणून खाचेला आधीच पांढरा रंग लावून ठेवा. खूण ओलांडून गेलात तर नुसते मागे आणून थांबू नका. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे येत खुणेवर थांबा, म्हणजे टायमिंग चेनचा ढिलेपणा एकाच बाजूला राहतो.

इथून पुढे इंजिन हलवायचे नाही. कॅप बाजूला केल्यावर रोटरचे तोंड कुठे आहे त्याची बॉडीच्या काठावर खूण करा, मोबाइलवर फोटो काढा. व्हॅक्यूमचा पाइप आणि कॉइलकडून येणारी बारीक वायर सोडवा. क्लॅम्प प्लेट इंजिनावर दोन बोल्टांनी धरलेली असते. ते दोन काढले की डिस्ट्रिब्युटर वर येतो. प्लेट जुन्यावरून नव्यावर चढवा. प्लेटचा चिमटा-बोल्ट बॉडी हाताने जेमतेम फिरेल इतकाच आवळा. तो जोर लावून आवळला की प्लेट वाकते, आणि पुढे कितीही आवळली तरी पकडत नाही.

शाफ्टच्या खालच्या टोकाची जीभ मधोमध नसते, थोडी एका बाजूला असते. त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो, उलटा बसूच शकत नाही. हलक्या हाताने खाली दाबत रोटर फिरवा. खाचेत पडला की टक् असा आवाज येतो आणि बॉडी प्लेटसकट टेकते. टेकली नाही म्हणून बोल्ट आवळून खाली ओढणाऱ्यांनी जीभ मोडली आहे किंवा खालचा ड्राइव्ह गिअर खराब केला आहे. जीभ बसली आणि तरीही रोटर एक नंबरच्या नेमका विरुद्ध बाजूला पाहत असेल, तर आधी कुणीतरी तो गिअर चुकीचा बसवून वायरी फिरवून घेतल्या आहेत. इंजिन बरोबर कॉम्प्रेशनवर असल्याची पुन्हा खात्री करा आणि रोटर जिथे पाहतो तिथून एक नंबर मोजा.

पॉइंट नवे असतील तर त्यांच्यावर गंज लागू नये म्हणून लावलेला तेलकट थर असतो. पेट्रोलच्या फडक्याने पुसा. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना. इंजिन हलवायचे नसल्याने डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी टेबलावरच हा गॅप लावणे सोयीचे. कॅमला काडीच्या टोकाएवढे ग्रीस, रोटरखालच्या स्क्रूवर दोन थेंब इंजिन ऑइल. जास्त झाले की ते उडून पॉइंटवर जाते आणि पॉइंट जळतात. कंडेन्सरची आणि कॉइलकडची, अशा दोन्ही वायरींच्या रिंगा पॉइंटच्या स्प्रिंगला टेकल्या पाहिजेत, पण खांबाला टेकता कामा नयेत. मधे प्लॅस्टिकची टोपी येते. ती टोपी वरखाली बसली की करंट सरळ अर्थ होतो आणि गाडीला ठिणगीच मिळत नाही. नवे पॉइंट टाकल्यावर गाडी मेली, तर सगळ्यात आधी इथे बघा.

गॅप आधी, टायमिंग नंतर, हा क्रम बदलू नका. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. टायमिंगसाठी टेस्ट लॅम्पचे एक टोक बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरे अर्थला. बॅटरी जोडा, इग्निशन चालू करा. २५डी४ चा रोटर वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. बॉडी त्याच दिशेने थोडी फिरवा म्हणजे पॉइंट बंद होऊन दिवा विझेल. मग घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश आणा. दिवा ज्या क्षणी लागला तिथे थांबा आणि चिमटा-बोल्ट आवळा. बाजूची खरखरीत गोल चाकी आधीच मध्यावर ठेवलेली असली म्हणजे पुढचे बारीक फरक तिनेच करता येतात. काम झाल्यावर इग्निशन लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते. वायरी रोटरच्या दिशेने १-३-४-२.

टायमिंग लाइट असेल तर व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचे तोंड बंद करा. ६०० आरपीएमला हाय कॉम्प्रेशन इंजिनाला १४ अंश हवेत. मग आरपीएम वाढवत न्या. खूण सलग पुढे सरकून साधारण ३० ते ३२ अंशांवर थांबली पाहिजे. ती तिथे न थांबता पुढे जात असेल तर अॅडव्हान्स चुकीचा आहे, आणि तो घाटात पिस्टन खाईल. १९७१ नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, त्यांनी आपल्या इंजिनाचे मॅन्युअल बघावे. शेवटची परीक्षा रस्त्यावर. कासच्या हंगामातली गर्दी टाळून, गरम इंजिनावर यवतेश्वरचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चढा. खणखण आली तर दोन अंश मागे घ्या.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणाऱ्यांसाठी एक इशारा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह टोक अर्थ होते, आणि मधल्या मालकाने ते बदलले आहे की नाही हे कागदपत्रांवरून कळत नाही. बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते डोळ्यांनी बघा. उलट जोडलेले किट इग्निशन चालू करताच जळते. कॉइलही बघून घ्या: १९७४ अखेरीनंतरच्या एमजीबीत बॅलास्टवर (व्होल्ट कमी करणाऱ्या रेझिस्टन्सवर) चालणारी, सुमारे दीड ओहमची कॉइल असते. तीच आधीच्या गाडीत थेट १२ व्होल्टवर जोडली तर तापते आणि पॉइंट आठवड्यात जाळते. तिथे ३ ओहमची हवी. हल्ली मिळणाऱ्या काही रोटरांत पितळी पट्टीची रिव्हेट प्लॅस्टिकमधून शाफ्टपर्यंत करंट सोडते. गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते. रिव्हेट नसलेला रोटर घ्या आणि जुना डिकीत ठेवा.

निघालेला जुना डिस्ट्रिब्युटर भंगारात घालू नये, अशी कळकळीची विनंती आहे. त्याची वजने आणि स्प्रिंगा तुमच्याच इंजिनासाठी बनलेल्या आहेत, त्या पुन्हा मिळणे अवघड. सातारा, मिरज किंवा कोल्हापुरात लेथवर बुश करून देणारे चांगले कारागीर अजून आहेत. बुश तेल शोषणाऱ्या सिंटर्ड ब्राँझचे हवे आणि बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवलेले हवे. शाफ्ट काढताना खालच्या जिभेची पिन ठोकून काढावी लागते. त्याआधी जीभ आणि रोटरची खाच यांच्या दिशा एकमेकांशी कशा आहेत ते कोरून ठेवा. जीभ दोन्ही प्रकारे बसते, आणि उलटी बसली तर ठिणगी १८० अंश चुकते.

आपले,
जुन्या गाड्यांची कामे करणारे काही वाचक,
सदरबझार, सातारा